चोरीला गेलेला काप

१

"ही माझ्या डॅडींची नाही."

मिस ओपल टॅकेट एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. पपॉच्या हातातला कॉफीचा कप टेबलावर येईपर्यंत निम्मा सांडला. हात कापतात त्यांचे, रोजच सांडते. आज जास्त सांडली.

पपॉ म्हणजे माझे आजोबा, ऑर्विल स्कॅग्ज. मी रेलिन. सतरा वर्षांची. शाळा सोडून वर्ष झालं, कारण पुढे येईल. आम्ही दोघं टगबेंड नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात राहतो आणि बंद पडलेल्या लष्करी रायफली शोधतो. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या माळ्यावर, कोणी मेल्यावर घरचे सामान विकायला काढतात तिथे. गंजलेली, मोडकी, कधीच न उडणारी असली तरी चालते. काहींचे सुटे भाग निघतात, काहींचं लाकूड आणि लोखंड साफ करून भिंतीवर टांगण्याजोगं करतो. गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलच्या आठ सलामीच्या रायफली तीस वर्षं पपॉच सांभाळतात. त्यांचा अभिमान म्हणाल तर तेवढाच.

मिस ओपलची रायफल जपानी होती. त्यांच्या वडिलांनी, एस्टिल टॅकेटनी, पंचेचाळीस साली लढाईवरून आणलेली. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात ती तळघरात आठवडाभर चिखलात पडली. गोळी भरायचा बोल्ट गंजून असा बसलाय की हातोडा घातला तरी हलणार नाही, आणि तो हलवायचाही नव्हता. सोमवारी अकरा नोव्हेंबर. माजी सैनिकांचा दिवस. त्या दिवशी ती हॉलच्या भिंतीवर चढणार होती, म्हणून शनिवारी सकाळी आठ वाजता मिस ओपल ती न्यायला आल्या होत्या.

त्यांचं वय शहाऐंशी. डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. रायफल मांडीवर घेतली, डावा अंगठा लाकडाखालून पुढे सरकवला, नळीभोवतीच्या लोखंडी कडीपाशी थांबवला आणि नखाने काहीतरी शोधलं. परत शोधलं. मग ते वाक्य.

"आंटी ओपल," त्यांचा भाचा डॅरेल म्हणाला, "नंबर तोच आहे. कागदावरचा आणि लोखंडावरचा. मी आत्ता ताडून बघितला."

"नंबर तू वाच. मला डॅडी वाचता येतात. काप कुठाय?"

डॅरेलने माझ्याकडे बघितलं. दारात उभ्या मिस्टर कॉन्लींनीही बघितलं. हे हॉबर्ट कॉन्ली, आमच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे, आता निवृत्त. सहज चक्कर मारायला आले होते म्हणे.

"काप होता," मी म्हणाले. "मंगळवारी मी स्वतः बघितला."

२

काप म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

सैनिकाला लुटीची रायफल घरी आणायची असायची आणि त्याच्या कापडी पिशवीत ती मावायची नाही. मग तो लाकडी दस्ता करवतीने कापायचा. कुठे? नळीभोवतीच्या कडीच्या बरोबर खाली. म्हणजे घरी येऊन तुकडे जुळवले आणि कडी वर सरकवली की काप झाकला जातो. आमच्या धंद्यात याला डफल कट म्हणतात, त्या पिशवीच्या नावावरून. शौकीन लोक रायफल हातात घेतल्यावर पहिली कडी उचलून बघतात. काप असला की तोंड वाकडं. किंमत निम्मी.

एस्टिल टॅकेटनी हा काप जहाजावर मारला होता, स्वयंपाकघरातली मांस कापायची करवत उसनी घेऊन. जहाज हलत होतं. तीन वेळा करवत घसरली, चौथ्यांदा लागू पडली, तीही तिरकी. म्हणून मिस ओपलच्या रायफलीचा काप कडीत पूर्ण झाकलाच जायचा नाही. खालच्या बाजूला नखभर बाहेर डोकवायचा. पोर असताना मिस ओपल वडिलांच्या मांडीवर बसून त्यात नख घालायच्या. वडील म्हणायचे, "तीन वेळा चुकलो, चौथ्यांदा घरी आलो."

त्यांचा फोटो पुरात गेला. पत्रं गेली. हातची म्हणून एवढी एक खूण राहिली होती.

मी तिथल्या तिथे कडीचा स्क्रू काढला आणि कडी सरकवली. लाकूड सलग. गुळगुळीत. काप नाही, तीन चुकलेल्या खाचा नाहीत, काही नाही.

"बघ," डॅरेल म्हणाला. "लोखंड तेच, लाकूड दुसरं. दस्ता कोणीतरी बदललाय. आणि कडी काढायचं काम इथे कोण करतं? हिचे आजोबा? त्यांना कप धरता येत नाही."

"तोंड सांभाळ," मी म्हणाले.

"सुटे भाग कोण विकतं जुन्या बंदुकांच्या मेळ्यात? तूच ना? टेबल लावतेस ना स्वतःचं? शाळेतून हाकललेली पोरगी..."

"हाकललं नाही. मी सोडली."

"रेलिन," पपॉ म्हणाले. एवढंच. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, कारण मी तो कसा धरला होता ते त्यांना दिसलं होतं.

मिस्टर कॉन्लींनी घसा खाकरला. "मी म्हणतो, दस्ता चांगला आहे ना? काप नसलेला. उलट भारीच झाली की रायफल. मग भांडण कशाला?"

"हॉबर्ट," मिस ओपल म्हणाल्या, "तुझ्या आईच्या जागी कोणी तरुण बाई आणून बसवली तर चालेल का?"

मिस्टर कॉन्लींनी बोटं खिशात घातली. काळीतपकिरी झाली होती बोटं, पण त्यात विशेष काही नाही. आमच्याकडे या दिवसांत सगळेच अक्रोड सोलतात आणि त्या सालीचा रंग महिनाभर जात नाही. डॅरेलची बोटंही तशीच होती.

"सोमवारी अकरा वाजता कार्यक्रम आहे," डॅरेल म्हणाला. "तोपर्यंत जुना दस्ता आला नाही तर मी शेरीफकडे जातो. आणि हॉलच्या कमांडरला आत्ताच फोन करतो. चोरांच्या घरात सलामीच्या रायफली कशाला ठेवायच्या?"

पपॉंनी मान खाली घातली. आठवतंय तेव्हापासून मी त्यांना मान खाली घातलेलं बघितलं नव्हतं.

"सोमवारी अकरा," मी म्हणाले. "दस्ता आणते. आणि तू माझ्या आजोबांची माफी मागशील. सगळ्यांसमोर."

"नाही आणलास तर?"

"तर शेरीफला मीच फोन लावून देते. मला नंबर पाठ आहे."

३

ते गेल्यावर मी पपॉंना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासमोर पेपरोनी रोल, म्हणजे मसालेदार मांस भरलेला पाव, ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"पपॉ, मंगळवारी मी कडी काढली, काप उघडा ठेवला आणि हेच रोल आणायला गेले. तासभर. तेव्हा कोण आलं होतं?"

"डॅरेल आला होता. किमतीचं विचारत होता. मग लॉनी प्रॅटर, जुन्या नळ्या आहेत का म्हणून. मग हॉबर्ट. मी पुढच्या खोलीत होतो, पोरी. ते मागे जाऊन काय बघतात ते कुठे बघत बसू?"

"आणि शुक्रवारी आपण दिवसभर मेळ्याच्या मैदानावर टेबल मांडत होतो. वर्कशॉपची किल्ली?"

"कॉफीच्या डब्याखाली. अख्ख्या गावाला माहीत आहे."

कुलूप फोडलेलं नव्हतं. तीन माणसं.

पण एक गोष्ट मला कुरतडत होती. कापलेला दस्ता म्हणजे भंगार. तो न्यायचा आणि त्याच्या जागी सलग, चांगला दस्ता ठेवून जायचं? हा कुठला चोर, जो गाय बांधून बकरी सोडून नेतो?

मी रायफल परत हातात घेतली. खालून बघितली. ट्रिगरच्या पुढचा एक स्क्रू, मागचा एक, कडीचा मी काढला होता तो, दस्त्याच्या बुडाचे दोन. कडीचा सोडून सगळ्यांच्या खाचा नळीच्या रेषेत सरळ. एकाच ओळीत.

"पपॉ, हे स्क्रू तुम्ही लावले?"

"मी? मला चष्म्याचा स्क्रू लागत नाही."

रायफल जुळवली होती मीच, पण स्क्रू असे एका ओळीत लावले नव्हते. पण तेव्हा डोकं तापलेलं होतं आणि तापलेल्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. माझ्या डोक्यात लॉनी प्रॅटर मावला.

४

लॉनी दर मेळ्यात शेवटच्या ओळीत बसतो. अख्खी रायफल त्याला बघवत नाही. आणली की तोडली. स्क्रू वेगळे, नळी वेगळी, लाकूड वेगळं. रविवारी सकाळी त्याच्या टेबलावर चार जपानी दस्ते पडले होते. चारी मी उलटून बघितले.

"काय गं, शाळा बुडवून आलीस?" लॉनी म्हणाला. "अरे हो, बुडवायला आधी शाळेत जावं लागतं."

"लॉनी, मिस ओपलचा दस्ता कुठाय?"

"ऐकलं मी. अख्ख्या मैदानाने ऐकलंय. हे बघ, कापलेलं लाकूड मी कशाला चोरू? माझ्याकडे असले पायलीचे पन्नास येतात. पाच डॉलरला कोणी घेत नाही."

"मंगळवारी मागच्या खोलीत गेला होतास की नाही?"

"गेलो होतो. तुझा तो काप बघितला आणि हसलो. देवाशपथ, कुत्र्याने चावल्यासारखा होता."

मी त्याचा हात धरला. "बघितलास? काप बघितलास तू? हे हॉलमध्ये सांगशील?"

"सांगेन की. फुकटचं हसू येणार असेल तर कुठेही सांगेन." मग तो जरा नरमला. "पण त्याने तुझं काय भलं होणार? काप होता हे खरं ठरलं म्हणजे दस्ता बदलला हे खरं ठरलं. म्हणजे तूच बदललास."

त्याचं बरोबर होतं आणि त्यामुळे मला आणखी राग आला. मी फोन काढला. मंगळवारी कामाला हात घालायच्या आधी मी रायफलीचा एक फोटो घेतला होता, डाव्या बाजूने, कडी जागेवर असताना. मी नेहमी घेते. त्यात काप दिसत नव्हता, पण लाकडावरची पुराची रेघ दिसत होती. पाणी जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत काळपट डाग, डोंगरासारखा वर-खाली.

"हे बघ," मी म्हणाले. "पुराची रेघ. असा डाग दुसऱ्या दस्त्यावर असूच शकत नाही. नवीन दस्ता आणि हा फोटो शेजारी ठेवला की शेंबडं पोरही सांगेल, लाकूड बदललंय."

"मग ठेव शेजारी."

रायफल ट्रकमध्ये होती. मिस ओपलनी ती घरी न्यायला नकार दिला होता, "परक्याला घरात घेत नाही" म्हणून. मी आणली. लॉनीच्या टेबलावर ठेवली. फोन शेजारी धरला.

रेघ तीच होती.

तोच डोंगर, तोच उतार, बुडाजवळ तोच बदामाच्या आकाराचा डाग. दस्त्याच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत.

लॉनीने शीळ घातली. "पोरी, हे लाकूड तेच आहे."

५

म्हणजे आता काय? लाकूड तेच आणि काप नाही. हे मी कोणाला सांगितलं तर उत्तर एकच येणार होतं. काप कधी नव्हताच. म्हातारी भ्रमिष्ट, रेलिन खोटारडी आणि लॉनी दारुडा. खटला संपला.

मी ट्रकच्या पायरीवर बसले आणि दोन मिनिटं नुसत्या शिव्या घातल्या. मग ठरवलं, लाकडाचं कोडं आहे तर लाकडाच्या माणसाकडे जायचं. आवडो न आवडो.

मिस्टर कॉन्ली आणि माझं जमायचं नाही. अकरावीत त्यांनी मला एक पेटी करायला दिली. झाकणाची पेटी, साधी. मी केली. ते म्हणाले, कोपरा उघडा दिसतो, परत. परत केली. रंधा खोल गेला, परत. अशी अकरा वेळा. बाराव्या वेळी मी ती पेटी वर्गाच्या खिडकीतून बाहेर फेकली. काच बंद होती. त्या दिवसानंतर मी शाळेत गेले नाही.

त्यांचं गॅरेज म्हणजे देव्हारा. पटाशा मापाने लावलेल्या, जमिनीवर भुसा औषधाला नाही. दिव्याच्या बटणांच्या पट्टीचे स्क्रूसुद्धा सगळे उभे, एका रेषेत. वर्गातही असंच होतं. "खाच वाकडी राहिली म्हणजे माणूस काम अर्धवट टाकून गेला," म्हणायचे. विजेच्या शेगडीवर सरसाचं, म्हणजे जनावरांची खुरं उकळून केलेल्या गोंदाचं, भांडं ठेवलेलं होतं, उकडलेल्या खुरांचा वास सुटला होता.

"ये रेलिन. कॉफी?"

"नको. एक प्रश्न आहे. लाकूड तेच असून काप नाहीसा होऊ शकतो का?"

त्यांनी पटाशी पुसायला घेतली. पुसलेलीच होती. "तुला खात्री आहे, काप होता?"

"तुम्ही मंगळवारी आला होतात. मागच्या खोलीत गेला होतात?"

"लक्षात नाही." मग जरा थांबून, "सोडून दे, पोरी. म्हाताऱ्या माणसाला काहीही वाटतं. उद्या ती रायफल भिंतीवर चढेल, लोक म्हणतील काय सुरेख आहे, आणि सगळे विसरतील."

"मला चोर म्हणालेलं विसरतील?"

ते पटाशी पुसतच राहिले. आणि मी नजर फिरवली, कारण आणखी तिथे बघितलं असतं तर मी काहीतरी फेकलं असतं. नजर गेली फळीवर.

फळीवर माझी पेटी होती.

तीच. झाकणावर मी रागाने कोरलेला 'आर' होता. ती काचेतून आरपार गेली होती, बाहेरच्या सिमेंटवर आपटून तिचे चार तुकडे झालेले मी स्वतः बघितले होते. मी उठून ती हातात घेतली. उजेडाकडे धरली. नखाने चाचपली.

एक रेघ नाही. एक तडा नाही. जणू कधी फुटलीच नव्हती.

"मोडलेलं टाकवत नाही मला," मिस्टर कॉन्ली म्हणाले. जरा लाजून.

मी पेटी जागेवर ठेवली. "येते," म्हणाले आणि दार न आपटता बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा.

६

सोमवार. साडेदहा. हॉलमध्ये साठेक माणसं. पुढे मिस ओपल, त्यांच्या शेजारी पपॉ इस्त्रीच्या शर्टात. शर्ट मीच इस्त्री केला होता आणि ती इस्त्री माझ्या पिशवीत होती.

डॅरेल दारातच आडवा आला. "दस्ता?"

"आणलाय."

मी टेबलावर चादर पसरली. रायफल ठेवली, स्क्रू काढले, लोखंड बाजूला केलं. नुसतं लाकूड उरलं. हॉलच्या कमांडरने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणाले, "चोर पकडतेय सर. पाच मिनिटं द्या. नाही पकडला तर आठही रायफली तुमच्या, आणि मी शेरीफची."

"बोल," ते म्हणाले.

"आपण दोन दिवस विचारतोय, कापलेलं लाकूड कोणाला हवं होतं? कोणालाच नाही. लॉनीला विचारा."

"पाच डॉलरला कोणी घेत नाही!" लॉनी मागून ओरडला.

"मग प्रश्नच चुकला. कोणाला हवं होतं हे सोडा. कोणाला बघवत नव्हतं ते विचारा." मी फोनमधला फोटो कमांडरच्या हातात दिला. "पुराची रेघ बघा. लाकूड हेच आहे. वर्कशॉपमधून काहीच चोरीला गेलं नाही. कोणीतरी शुक्रवारी डब्याखालची किल्ली घेतली, आत आला, काप भरला, तीन खाचा बुजवल्या, सरसाने जोडला, अक्रोडाच्या सालीच्या पाण्याने रंग मिळवला, वर जवसाचं तेल चोळलं. इतकं सुंदर, की नखाला कळणार नाही. आणि जाताना सवयीने सगळे स्क्रू एका रेषेत लावून गेला. लष्करात कोणी असं लावत नाही. आम्ही लावत नाही. असे एकच माणूस लावतो."

सुतारकाम या हॉलमधले निम्मे लोक एकाच माणसाकडे शिकले होते. माना हळूहळू तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

"गोष्टी सांगतेय ही," डॅरेल म्हणाला. "पुरावा काय? काप नव्हताच, हेच खरं असेल तर?"

"त्यासाठी इस्त्री आणलीय."

मी फडकं भिजवलं आणि पिळलं. लाकडावरचा पोचा उठवायला आम्ही रोज हेच करतो. ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्री, वाफ आत जाते, दबलेलं लाकूड वर येतं. अस्सल लाकडाला यात काही होत नाही. पण सरसाला होतं. सरस वाफेने सुटतो. वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर हेच लिहिलेलं असायचं, सरसच वापरा, कारण जो जोड सोडवता येत नाही तो जोड नाही, फसवणूक आहे.

पण आता माझा हात थांबला. माझं चुकलं असेल तर? त्यांनी दुसरा कुठला चिकट पदार्थ वापरला असेल तर? मग मी साठ माणसांदेखत मिस ओपलच्या वडिलांच्या लाकडावर इस्त्रीचा डाग पाडणार होते, आणि तो डाग पपॉंच्या नावावर लागणार होता.

"मिस ओपल," मी म्हणाले, "लाकूड तुमचं आहे. फिरवू?"

"बाळ," त्या म्हणाल्या, "आत्ता ते माझं नाहीच आहे. फिरव."

मी फडकं ठेवलं. इस्त्री ठेवली. चर्रर्र झालं. वाफ उठली. उचलली, परत ठेवली. कडीच्या जागी, वरून, खालून. एक मिनिट. दोन. काही नाही. डॅरेल घड्याळ बघायला लागला. मी इस्त्रीची चकती फिरवून आणखी गरम केली.

"इतकी गरम नको."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मिस्टर कॉन्ली उभे होते.

"लाकूड करपेल," ते म्हणाले. "सरस आहे. कमी आचेवर सुटेल. धीर धर जरा."

मी चकती मागे फिरवली. अर्ध्या मिनिटाने वाफेत खुरांचा वास आला. मग लाकडावर केसाएवढी रेघ उमटली, तिरकी, आणि दस्ता माझ्या हातात दोन झाला. मधून एक पातळ चकती गळून चादरीवर पडली. करवतीने खाल्लेल्या लाकडाची भर म्हणून बसवलेली, आपल्याच डोंगरातल्या अक्रोडाची. त्या तीन खाचांमधल्या पट्ट्याही एकेक करून सुटल्या.

मी तुकडे जुळवून मिस ओपलच्या मांडीवर ठेवले. अंगठा खालून पुढे सरकला. थांबला. नख आत गेलं.

"एक," त्या म्हणाल्या. "दोन. तीन." मग शेवटच्या, खोल कापापाशी आल्यावर त्या नुसत्या हसल्या. "आणि चौथ्यांदा घरी."

७

मिस्टर कॉन्ली पुढे आले. "ओपल, मला वाटलं तुला आवडेल. एस्टिलची रायफल, भिंतीवर चढणार, आणि असा काप... शनिवारी मी मुद्दाम आलो होतो, तुझा चेहरा बघायला. मग तू म्हणालीस ही डॅडींची नाही, आणि माझी जीभच उचलेना."

"हॉबर्ट, मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते," मिस ओपल म्हणाल्या. "म्हणूनच विचारलं नाहीस."

"हो."

"आणि या पोरीला दोन दिवस चोर म्हणत होते."

ते माझ्याकडे वळले. डोळे लाल होते. "रेलिन, तुझा हात चांगला आहे. हे तू आज जसं सोडवलंस... शाळेत परत ये. मी बोलतो प्रिन्सिपलशी. तुझ्या पेटीचंही..."

"काल मी तुमच्या गॅरेजमध्ये उभी होते," मी म्हणाले. "तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. सर, तुम्ही मला अकरा वेळा परत करायला लावलंत. तुम्हाला एकदा खरं बोलता आलं नाही?"

मी चादरीवरची अक्रोडाची चकती उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही तुमची. या रायफलीत तुमचं एवढंच होतं."

डॅरेल मागच्या दाराने सटकायला बघत होता. लॉनीने दारात पाय घातला. "अरे, माफी राहिली की! मी मेळा सोडून आलोय त्यासाठी." डॅरेलने माफी मागितली. पुटपुटला. पपॉ म्हणाले, "ऐकू नाही आलं." त्यांना चांगलं ऐकू येतं. त्याने परत मागितली, मोठ्याने.

कमांडर म्हणाले, आठही रायफली आहेत तिथेच राहतील. पपॉंची मान वर आली ती कार्यक्रम संपेपर्यंत वरच होती.

अकराला सात मिनिटं होती. मी दस्ता जुळवला, सरस न लावता. लोखंड बसवलं, कडी वर सरकवली. काप नखभर बाहेर राहिला, कुत्र्याने चावल्यासारखा. मग स्क्रू लावायला घेतले. मिस्टर कॉन्ली दोन पावलांवर उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते.

मी एकेक स्क्रू घट्ट केला आणि खाच जिथे थांबली तिथेच ठेवली. एक उत्तरेला, एक पूर्वेला, एक कुठेतरीच. शेवटचा स्क्रू फिरवता फिरवता अगदी सरळ रेषेत आला.

मी तो त्यांच्याकडे बघत पाव आटा मागे फिरवला.